मोडा रे मांड्या

गुरुजी, त्या अवसेच्या सकाळी मी गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसलो होतो. तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा गिरणी माझ्या वडिलांच्या हातात होती, आता माझ्या हातात आहे. जागा तीच, ग्रामपंचायतीच्या समोर, मधे फक्त रस्ता. अवसेला आपल्याकडे औत धरत नाहीत, तशी आमची गिरणीही बंद असते. हे गावातल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहे, त्या दिवशी कोणी दळण घेऊन येत नाही. मी पट्टा उतरवतो, वरचा दगड उलथा करून ठेवतो आणि वर्षानुवर्षांच्या दळणानं गुळगुळीत झालेल्या खाचा टाकीनं पुन्हा खोल करतो. गिरणी चालू असली की कानात दुसरं काही शिरत नाही. दळणाला आलेल्या बायका माझ्याशी खुणेनं बोलतात. अवसेला मात्र रस्त्यावरून शेळी गेली तरी तिचे खूर ऐकू येतात. हे मी इतकं बारकाईनं सांगतोय, कारण पुढे माझ्या वाट्याला जे आलं ते सगळं त्या शांततेमुळे आलं. गिरणी चालू असती तर मी सुटलो असतो.

तुमच्या मागे गावात काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. तुमचा थोरला, माझ्याच वर्गातला, दोन वेळा सरपंच झाला. उगाच नावं ठेवणार नाही. सिमेंटचा रस्ता त्यानंच केला, पाण्याची टाकीही. कोणाच्या लेकीचं लग्न असलं की पहिली जीप त्याची उभी राहायची. मग आरक्षण बदललं आणि सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी सुटलं. त्यानं त्याच्याच शेतावरच्या सालगड्याच्या बायकोचा अर्ज भरला आणि पारावर बसून उघड सांगितलं, "सही तिची, शिक्का आपला." समोर उभी राहिली ती आम्हा तिघा वर्गमित्रांतल्या तिसऱ्याची बायको. बौद्धवाड्यातला तो पोरगा तुम्हाला आठवत असेलच. त्याच्या बापानं त्याला गुरं राखायला लावलं होतं आणि तुम्ही रानात जाऊन, हाताला धरून त्याला शाळेत आणलं होतं. त्याला मी इथे सोबती म्हणतो, कारण आयुष्यभर तो माझा तोच आहे. त्याची बायको शिरूर अनंतपाळकडची, दहावी झालेली, बचत गट चालवणारी, बोलायला तिखट. गावानं गपचूप तिला मतं दिली. इतकी गपचूप, की निकालाच्या दिवशी ज्याला त्याला वाटत होतं, आपण एकट्यानंच दिलं.

उपसरपंच निवडायची पहिली सभा आणि नव्या सरपंचाचा पदभार एकाच दिवशी ठेवला होता, आणि साहेब लोकांना अवस काय नि पुनव काय, तो दिवस अवसेचा निघाला. सकाळी ती आली, सोबत तिच्या बाजूचे निवडून आलेले चार सदस्य आणि सोबती. तालुक्याहून येणारे अधिकारी अजून वाटेत आहेत. कार्यालयाला कुलूप. पायरीवर तुमचा थोरला बसलेला, खांद्यावर पांढरा टॉवेल, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली सहा-सात पोरं. आपल्या गावची नव्हेत. उदगीरच्या बाजूनं जीप भरून आलेली, हातात काठ्या. मी टाकी थांबवतो. का थांबवली ते सांगता येत नाही. गावात राहणाऱ्याला हवा बदललेली कळते.

"किल्ली?" सरपंचबाई विचारते.

"घरी ऱ्हायली की," तुमचा थोरला म्हणतो. त्याच्या आजूबाजूची माणसं हसतात.

"मंग आणा. आमी थांबलाव."

"आज अवस हाय, बाई. अवसेला नवी चूल मांडत न्हाईत लोक, आन् तुमी खुर्ची मांडायला निघालाव."

"आमच्यात पुनव पाळतेत, दादा," ती म्हणते. "अवस तुमची तुमाला ठिवा."

आता दुसरी माणसं हसली, आणि त्याच्यावर हसली. त्याच्याच बाजूचा ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून हसला. मला वाटतं, गुरुजी, पराभव त्याला निकालाच्या दिवशी कळलाच नव्हता. तो त्या हसण्यानं कळला. सरपंचबाई पुढं म्हणाली, "कुलूप ऱ्हाऊ द्या. सभा काय कुलपात बसत न्हाई, माणसात बसती." तिनं घरून आणलेली सतरंजी ओट्यावर अंथरली. सगळे मांडी घालून बसले. सोबती सदस्य नव्हता, म्हणून तो सतरंजी सोडून, कडेच्या फरशीवर बसला. तेवढा नियम त्याला कळत होता.

तुमच्या थोरल्यानं त्या सतरंजीकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या पोरांना म्हणाला, "लई मांडी घालून बसल्यात. मोडा रे मांड्या." आवाज चढवला नाही. लग्नात वाढप्याला भात फिरवायला सांगावं तसं सांगितलं. आणि स्वतः उठून पायरीच्या बाजूला, काठ्यांना वाट करून द्यायला, सरकून उभा राहिला.

पुढचं मी पाहिलं, पण सगळं लिहीत नाही. पहिली काठी सरपंचबाईवर उगारलेली होती. सोबती मधे पडला. मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, आणि ते मोडल्याचा आवाज मी रस्त्याच्या मधोमध ऐकला होता. सतरंजी गोळा होऊन पायरीखाली पडली होती. तुमच्या थोरल्यानं मला पाहिलं. माझ्या हातात टाकी तशीच होती. तो म्हणाला, "तू तुजा दगड बग." बस, इतकंच.

सोबतीला टेम्पोत घालून आधी उदगीर आणि तिथून लातूरला नेलं. मांडीत सळई बसवली. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला तुमचा वर्ग आठवत होता. चमत्कारिक वेळी चमत्कारिक गोष्टी आठवतात. आम्ही तरटावर बसलोय, तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहिताय आणि न बघताच म्हणताय, "पाठ ताठ. मांडी मोडायची न्हाई." पाय अवघडून मुंग्या यायच्या, तरी आम्ही बसायचो. आम्हा तिघांची जागा शेजारी शेजारी होती. तुमचा मुलगा म्हणून तुम्ही त्याला पुढे बसवलं नव्हतं, हे मी आजही लोकांना सांगतो.

आणखी एक दिवस आठवतो, आणि तो मला तुमच्यासमोर ठेवायचा आहे. सातवीत तुम्ही मॉनिटर निवडायला आमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. निवडणुकीच्या ड्यूटीवरून तुम्ही नुकतेच आला होतात, आणि मत म्हणजे काय हे आम्हाला हातानं करून कळावं असा तुमचा हेतू. तोवर मॉनिटर तुमचाच मुलगा होता. चिठ्ठ्या उघडल्या आणि सोबती निवडून आला. शाळेची घंटा वाजवायचा मान मॉनिटरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा होती, पण ती वाजवायचा टोला नव्हता. तुमच्या मुलानं तो विहिरीत टाकला होता आणि ते सगळ्या वर्गानं पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत. सगळे गप्प. मग सोबतीच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, ह्यानं टाकला." मला वाटलं, आता छडी निघणार. तुम्ही दोघांना पुढे बोलावलंत, हात मिळवायला लावलेत आणि म्हणालात, "मिटलं. आजपासून मॉनिटरच नको, घंटा मीच वाजवीन." तुम्ही नवा टोला आणलात आणि वर्षभर घंटा तुम्हीच वाजवलीत. आम्हाला तेव्हा तुमचा तो न्याय फार मोठा वाटला. आता वाटत नाही, गुरुजी. ज्यानं फेकला त्याचं काही गेलं नाही. ज्याला चिठ्ठ्या पडल्या होत्या त्याची घंटा मात्र गेली. आणि आपण हरलो तर खेळच मोडून टाकायचा, मोठी माणसं मिटवून घेतात, हे आम्ही तिघंही त्या दिवशी शिकलो. सोबती त्यानंतर पुन्हा कधी वर्गात उभा राहून कोणाचं नाव सांगायला गेला नाही.

हे लिहिताना हात जड होतो. माझ्या घरात तुमचा फोटो देवाच्या शेजारी आहे. मला वाचायला तुम्ही शिकवलंत, संध्याकाळी देवळात बसायची सवय तुमच्यामुळे लागली. परीक्षेच्या दिवसांत मी नि सोबती तुमच्या घरीच अभ्यासाला असायचो आणि तुमच्या घरची माय आम्हाला जेवायला घालायची. मला आत, चुलीपाशी. त्याला अंगणात. भाकरी तीच, शेंगदाण्याची चटणी तीच, तिचा हातही तितकाच सैल. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत. मीही ताट उचलून कधी बाहेर गेलो नाही. तो मात्र अंगणातून ओरडायचा, "लेका, आत धूर खाऊलालास, मी हितं वारा खाऊलालाव!" आणि आम्ही सगळे हसायचो. माय सगळ्यांत जास्त हसायची.

पोलिसांनी त्याच आठवड्यात माझा जबाब घेतला. तेव्हा सांगणं अवघड गेलं नाही, सगळं गाव हादरलेलं होतं. पण खटला उभा राहायला वर्षं गेली, आणि तोवर गावाचं हादरणं निवलं. काठीवाली पोरं जामिनावर सुटून आपापल्या गावी गेली. तुमचा थोरला म्हणायचा, मी तर कोणाला बोट लावलं न्हाई, पोरं तापट होती. साक्षीदार एकेक करून उलटले. ग्रामसेवक म्हणाला, मी लघवीला गेलो होतो. शिपाई म्हणाला, मी चहा सांगायला गेलो होतो. एक जण म्हणाला, माझी म्हैस सुटली होती. ऐकत गेलं तर वाटावं, त्या सकाळी अख्खं गाव कुठल्या ना कुठल्या कामाला निघून गेलं होतं आणि ओट्यावर बसलेल्यांनी आपापल्या मांड्या आपणच मोडून घेतल्या.

मारुतीच्या पारावर बैठकही झाली. जाणती माणसं होती. मिटवून घ्या, झालं गेलं गंगेला मिळालं, असं सगळे म्हणत होते. सरपंचबाई उभी राहून म्हणाली, "भांडण असतं तर मिटवलं असतं, मामा. भांडायला दोगं लागतेत. आमी तर बसलो होतो." एक म्हातारा पुटपुटला, "बाई लई शिकलेली हाय." सोबती कठड्यावर बसला होता. त्याला आता खाली बसता येत नाही. विहारात वंदनेला सगळे खाली बसतात आणि याच्यासाठी मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवतात.

पोलिसांच्या बंदोबस्तात सरपंचबाईनं कारभार केला. पण तिनं घेतलेल्या प्रत्येक ठरावाला कोणी ना कोणी खो घातला आणि तिचा काळ तसाच सरत आला. पुन्हा निवडणूक येईल. तुमचा थोरला पुन्हा पॅनल उभं करायच्या तयारीत आहे, आणि खटल्याचं काय म्हणून विचारलं तर सांगतो, "त्यात काय जीव हाय? एक गिरणीवाला तेवढा ऱ्हायलाय." तो खोटं बोलत नव्हता. सरपंचबाईच्या बाजूचे तर विरोधक म्हणून उडवले जाणार; त्यांच्याशिवाय त्याचे शब्द ऐकलेला आणि अजून न उलटलेला मी एकटाच उरलो होतो. काठ्या कोणी मारल्या हे सांगणारे दवाखान्याचे कागद होते. मारायला कोणी सांगितलं, हे सांगणारं त्यांच्याबाहेरचं दुसरं कोणी नव्हतं.

तो स्वतः एकदा गिरणीवर आला. दळण चालू होतं, तरी मला गिरणी बंद करायला लावली. पोत्यावर बसला, पायावर पाय टाकून. "आपुन एका ताटात जेवलाव," तो म्हणाला.

"जेवलाव की."

"मंग? माज्या बापानं तुला अक्षर दिलं, त्याच अक्षरानं माज्या विरोधात सही करणार?"

तो उठला, माझ्या शर्टावरचं पीठ मित्रासारखं झटकलं आणि म्हणाला, "कोर्ट लातूरला हाय गड्या, गाव हितं हाय." दुसऱ्या आठवड्यापासून अर्धं गाव शेजारच्या गावी दळायला जाऊ लागलं. माझी बायको एवढंच म्हणाली, "दोन दगडांत दाणे नसले की दगडच एकमेकाला खातेत. आपलं तसं हुईल, बगा." तिनं मला अडवलं नाही. पुढे हो असंही म्हटलं नाही.

मग माय आली. वय झालंय, काठी टेकत आली, आणि दळण घेऊन आली. सूनबाई असताना ती स्वतः पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन आली, यातच ती कशाला आली ते मला कळलं. मी खाली बसवलं, पाणी दिलं. ती दोन घोट प्याली. मग म्हणाली, "लेकरा, खोटं बोल म्हणायला मी आले न्हाई. एवढंच म्हण, पिठानं डोळे भरले होते. आवाज होता, ऐकू आलं न्हाई. पिठाची गिरणी हाय, कोन नाही म्हणंल?"

"माय, अवस होती. गिरणी बंद होती."

"ते तुला ठावं, मला ठावं. जजाला कुटं ठावं हाय?"

"गावाला ठावं हाय, माय."

"गाव बोलत न्हाई रे," ती म्हणाली. ते ती इतक्या सहज म्हणाली, की मला तिची दया आली आणि भीतीही वाटली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "त्याचं नाव घेशील तेव्हा मधी ह्यायचं नाव येतं. मी जलमात एकदा घेतलं त्यायचं नाव, लग्नात, उखाण्यात. तू कोर्टात घेनार?"

तुमचं नाव मीही कधी उच्चारलं नव्हतं, गुरुजी. जबाबातही पूर्ण नाव पोलिसांनी आपलं आपणच लिहिलं होतं. गावात तुम्हाला नाव नव्हतंच. तुम्ही गुरुजी होतात. आईबापाचं, गुरूचं नाव तोंडानं घेऊ नये, असं आम्हाला तुम्हीच सांगितलं होतं. आणि आपल्याकडे माणसाचं पूर्ण नाव सांगायचं तर बाप मधे उभा असतोच. त्याला वळसा घालून लेकाकडे जाता येत नाही. मी तिला म्हणालो, "माय, दळून ठिवतो, पाठवून देतो." ती समजली की मी काहीच बोललेलो नाही. आपली पायली तिथेच ठेवून गेली.

पहिल्या तारखेला मी लातूरला गेलोच नाही. नांदेडला लेकीकडे गेलो. जावयानं फोनवर सांगितलं होतं, "मामा, चार दिवस हिकडं या, डॉक्टर ओळखीचे हायेत, तब्येतीचा कागद करून घेऊ." कागद झाला. लेकीनं गोड केलं. सकाळी मी गोदावरीवर गेलो, अंघोळ केली, घाटावर जपाला बसलो. मांडी घातली आणि जमेना. नाम घेतोय आणि डोळ्यांसमोर विहारातली ती खुर्ची. देवापुढे मांडी घालून बसणं ही माझी एवढी जुनी सवय, की तिच्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात बसलो की तेच होणार, हे मला तिथे घाटावर कळलं. साक्षीला न जाणं एकवेळ लपवता आलं असतं. बसणं कुठे लपवू? मी ओल्या पंच्यानं घरी आलो आणि लेकीला म्हणालो, परवाची गाडी काढून दे. जावई नाराज झाला. "मामा, तुमाला देव कळतो, राजकारण कळत न्हाई," म्हणाला. असेलही.

पुढच्या तारखेला मी पहाटेची एसटी धरून लातूरला गेलो. कोणाला सांगितलं नाही, तरी कोर्टाच्या व्हरांड्यात गावची बरीच माणसं आधीच आलेली. तुमच्या थोरल्याच्या जीपमधून आलेली. सोबती आणि सरपंचबाई बाकावर बसली होती. सोबती मला बघून एवढंच म्हणाला, "आलास व्हय? मला वाटलं नांदेडला वारा खाऊलालास." मी हसलो.

ईश्वरसाक्ष शपथ घेतली. सरकारी वकील बाई होत्या. त्यांनी त्या सकाळचं सगळं विचारलं, मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मोडा रे मांड्या, हे शब्द कोणी उच्चारले? पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. त्याचं नाव, मग तुमचं नाव, मग आडनाव. टाइप करणारा मुलगा मान वर करून म्हणाला, "मधलं नाव परत सांगा." मी परत सांगितलं. आयुष्यात न घेतलेलं तुमचं नाव मी लागोपाठ दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. "आरोपी कोर्टात हजर आहे का? दाखवा." मी बोट केलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे तुमच्यासारखे आहेत. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

मग त्याचे वकील उठले. तरुण माणूस, बोलायला गोड. "गिरणीचा आवाज होतो ना?" होतो. "पीठ उडतं? डोळ्यांत जातं?" उडतं, जातं. "मग त्या आवाजात, त्या धुरळ्यात तुम्ही रस्त्यापलीकडचं ऐकलं आणि पाहिलं?" मी म्हणालो, "साहेब, अवस होती. अवसेला आमची गिरणी बंद असती." न्यायाधीशांनी विचारलं, "दर अमावस्येला बंद असते?" आणि मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून, जीपमधून आलेल्या माणसांतून, एक आवाज आला: "हाव!" आपला शिपाई. तोच, जो चहा सांगायला गेला होता. सवयीनं निघून गेलं त्याच्या तोंडून. कोणीही खरी गोष्ट विचारली की माणूस देतो तसं उत्तर त्यानं दिलं, आणि मग स्वतःच दचकून खाली बघू लागला. पोलिसानं त्याला गप्प केलं. कोर्टानं ते लिहून घेतलं नाही. पण मी ऐकलं, आणि सोबतीनंही.

वकील गडबडले नाहीत. म्हणाले, "मांडी मोडा म्हणजे आपल्याकडे काय म्हणतात? उठा, असंच ना?" मी म्हणालो, हाव. "तुम्ही दोघं एकाच शाळेत होता. तुमचे गुरुजी, आरोपीचे वडील, हाच शब्द वर्गात वापरायचे ना?" मी म्हणालो, "वापरायचे. पर ते बसलेल्यांना म्हणायचे. उठा म्हणायचं तर बसलेल्याला म्हणतेत, साहेब. ह्यांनी ते उभ्यांना म्हटलं, काठ्या घेऊन उभ्या होत्या त्यांना." ते कागद उलटून म्हणाले, "तुम्ही मित्राच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय." मी नाही म्हणालो. "आरोपीच्या हातात काठी होती?" नव्हती. "त्यांनी कोणाला हात लावला?" न्हाई. "बस, एवढंच." ते खाली बसले. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. निकाल काय लागेल, कधी लागेल, तोवर निवडणूक होऊन जाईल का, कोणी सांगू शकत नाही. काठी धरणारा सापडतो, सांगणारा सुटतो, असंच बहुधा होतं म्हणतात.

बाहेर सरपंचबाईनं मला हात जोडले. मला ते नको होतं. त्या दिवशीची बाकी सगळी माणसं बोलली असती तर माझ्या बोलण्याला हात जोडायची पाळी आली नसती. सोबती म्हणाला, "चल, चहा पिऊ. तुला गावात आता कोन पाजनार?" आम्ही तिघांनी स्टँडसमोर चहा घेतला आणि एकाच एसटीनं परतलो. जीप आमच्या पुढून गेली.

गुरुजी, हे पत्र मी तुमच्या नावानं लिहायला घेतलं, पण मनात असं होतं की एखाद्या दुपारी जाऊन मायला वाचून दाखवीन. तुमच्याशी बोलतोय म्हटल्यावर ती ऐकून घेईल, असं वाटलं होतं. आता लिहून झाल्यावर कळतंय की ते व्हायचं नाही. हे कुठेच जाणार नाही, पोथीच्या फडक्यात राहील. साक्ष दिली, ती परत घेणार नाही, कोणी काहीही करो. पण मायच्या ज्वारीचं पीठ दळून कधीचं तयार होतं. ते मी शेजारणीच्या हाती पाठवलं. आणि हल्ली देवळात जाताना तुमच्या दारावरून जात नाही, मागच्या बोळानं जातो.